कारखान्याचा भोंगा आणि अंगणवाडीची घंटा

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येते. एके काळी पऱ्हाटी आणि तुरीच्या शेतांनी वेढलेले हे गाव आता औद्योगिक वसाहतीचे गाव म्हणून ओळखले जाते. १३५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र येथे उभे राहिले. सूत, कापड व तयार कपडे यांचे कारखाने आले. आणि २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने देशातील ज्या सात ठिकाणी 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्याने जाहीर केली, त्यांत अमरावतीचेही नाव आले. सुमारे १००० एकरांवरील या उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभातून झाली. सातही उद्यानांसाठी मिळून ४४४५ कोटी रुपयांची तरतूद आहे. वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईस आणि तेथून परदेशी रवाना व्हावा आणि वऱ्हाडच्या माणसाने मात्र बाहेरचे कापड विकत घ्यावे, हे चित्र बदलावे अशी मागणी येथे दोन-तीन पिढ्या होत आली आहे. ती काही अंशी पुरी होण्याचा योग आला आहे, याविषयी समाधान मानावयास हरकत नाही.

या समाधानात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तयार कपड्यांच्या धंद्यात शिवणयंत्रावर बसणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. वसाहतीत कामाला येणारी बाई ही पंचवीस-तीस वर्षांची, आसपासच्या खेड्यातील, दोन मुलांची आई अशी असण्याचाच संभव अधिक. ती सकाळी डबा घेऊन बसमध्ये चढते तेव्हा तिचे दोन-तीन वर्षांचे मूल कोठे असते? गावात अंगणवाडी आहे, हे उत्तर तयारच असते. पण अंगणवाडी सकाळी भरते आणि दुपारी सुटते. कारखान्याची पाळी आठ तासांची; जाण्यायेण्याचा वेळ धरला तर घराबाहेरचे तास दहाच्या घरात जातात. अंगणवाडीची घंटा आणि कारखान्याचा भोंगा यांच्यामध्ये चार-पाच तासांचे जे अंतर उरते, ते कोणी तरी भरून काढतेच. कधी सासू, कधी शेजारीण. आणि बहुधा दहा-अकरा वर्षांची थोरली बहीण, जिचे नाव शाळेच्या पटावर असते आणि जी स्वतः मात्र धाकट्याला कडेवर घेऊन घरी असते. वस्त्रोद्योगाच्या उत्पादनखर्चात सूत, वीज, रंग, मजुरी यांची नोंद होते. या मुलीच्या बुडालेल्या शाळेची नोंद कोणत्याच खातेवहीत होत नाही.

बालसंगोपन आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांत सरकारी–खाजगी भागीदारी आणावी, असे अलीकडे वारंवार सुचविले जाते. सरकारकडे पैसा अपुरा, उद्योगांकडे समाजकार्याचा निधी आणि संस्थांकडे उत्साह. तेव्हा तिघांनी एकत्र यावे, असा हा साधा हिशेब आहे. कल्पना वाईट नाही. परंतु भागीदारी हा शब्द व्यापारातून आला आहे आणि व्यापारात भागीदारीचा करार करताना प्रथम हे लिहिले जाते की, कोण काय घालणार, कोण काय नेणार आणि धंदा बुडाल्यास कोणाचे किती बुडणार. मुलांच्या बाबतीत ही तीन कलमे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ती का पडली नाही, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अंगण घेतले, पाळणा राहिला

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी खात्याने तयार केलेला नाही. तो ताराबाई मोडक यांचा. विवाहानंतर ताराबाई काही वर्षे अमरावतीस होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम हाती घेतले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्या बोर्डीस गेल्या. शाळेची इमारत बांधली, तरी दलित वस्तीतील व गरीब घरांतील मुले तेथवर येत नाहीत, असे आढळताच शाळाच मुलांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी जे काम उभे राहिले, त्यात 'विकासवाडी' ही कल्पना होती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची तेथे एकत्र सांगड घातलेली होती. तिच्यामागील कारण अत्यंत व्यवहारी होते. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. तेव्हा धाकट्यासाठी पाळणा बांधला की मोठी आपोआप वर्गात बसेल. नांदगाव पेठच्या परिसरात आज जो प्रश्न उभा आहे, त्याचे उत्तर या बाईंनी त्या काळी शोधून, चालवून दाखविले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबईतील धारावी आणि अमरावती जिल्ह्यातील धारणी यांची निवड झाली. म्हणजे सरकारी अंगणवाडीच्या राज्यातील इतिहासाचे पहिले पान याच जिल्ह्यात, मेळघाटात लिहिले गेले. आज राज्यात अंगणवाड्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आहे. स्वयंसेवी संस्थेने कल्पना द्यावी आणि सरकारने पैसा व विस्तार द्यावा, अशी ही खरीखुरी भागीदारी होती. मात्र या देवघेवीत एक वस्तू मागे राहिली. सरकारने अंगण घेतले. पाळणा घेतला नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, वजन, थोडे पूर्वप्राथमिक शिक्षण एवढे योजनेत आले. आई कामावर असेपर्यंत मूल सांभाळणे तिच्यात आले नाही. आई घरी असते आणि मुलाला दोन-चार तासांसाठी पाठविते, असे गृहीत धरून योजनेचा आराखडा केला गेला. शेतमजूर आईला हे गृहीत १९७५ सालीही लागू नव्हते. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून बायका वेचा करीत होत्या, हे वऱ्हाडात कोणाला सांगावयास नको.

पाळणाघरांसाठी सरकारने पुढे वेगळी योजना केली. २००६ पासून ती राजीव गांधींच्या नावाने चालली, २०१७ मध्ये तिची पुनर्रचना झाली. खर्चाचे प्रमाण केंद्राचे ६०, राज्याचे ३० आणि संस्थेचे १० टक्के असे ठरले. कागदावर ही आदर्श त्रिपक्षीय भागीदारी होती. प्रत्यक्षात २०१५ च्या सुमारास २३,००० च्या घरात असलेली पाळणाघरे २०२० पर्यंत ७,००० च्या आत आली. अनुदान वेळेवर येत नाही, आले तर सेविकेचे मानधन भागत नाही, आणि दहा टक्के घालण्याइतकी ऐपत लहान संस्थेपाशी नसते. भागीदारीत दुबळ्या भागीदाराचा हिस्सा रोख आणि बलिष्ठाचा हिस्सा उधार ठेवला की दुसरे काही घडत नाही. २०२२ पासून ही योजना 'पाळणा' या नावाने मिशन शक्तीत आली असून देशभर १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघरे जोडण्याचे उद्दिष्ट आहे. दिशा योग्य आहे. २०१७ च्या योजनेत पाळणाघराची वेळ दिवसाला साडेसात तासांची धरलेली होती. पाळी आठ तासांची आणि पाळणाघर साडेसात तासांचे. हा अर्धा तास कोणत्या आईने कोणाकडे मागावयाचा, हे लिहिणाऱ्यास सुचले नसावे.

तीस बायकांचे गणित

कारखानदाराचे कर्तव्य म्हणून पाळणाघर कायद्यात आले, त्यालाही आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफू देऊन निजवितात, ही गोष्ट रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालापर्यंत पोहोचली होती. त्यानंतर १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने ते बंधनच केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासाची मर्यादा तीसवर आणली.

हेतू उत्तमच होता. परंतु अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही त्यातील खोच समजावी. तिसाहून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघराचा खर्च आणि तेवढ्या नसल्यास शून्य खर्च, असा नियम असेल तर एकतिसावी स्त्री ही मालकाला सर्वांत महाग कामगार ठरते. मग पट तीसवर थांबतो. उरलेल्या बायका कंत्राटदाराच्या यादीवर जातात, किंवा एका मालकाच्या दोन कंपन्या कागदावर शेजारी शेजारी राहतात. स्त्रीच्या सोयीसाठी केलेला नियम स्त्रीलाच कामावर न घेण्याचे कारण होतो. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने ही चूक अर्धी सुधारली. पन्नास किंवा अधिक कामगार, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, असलेल्या आस्थापनेस पाळणाघर आवश्यक ठरले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क मिळाला. खर्च मात्र सर्वस्वी त्या एका मालकाच्या डोक्यावर राहिला. पन्नास-साठ कामगारांच्या लहान कारखान्याला चार मुलांसाठी पाळणाघर चालविणे परवडत नाही, आणि न परवडणारा कायदा पाळला गेल्याचा दाखला देणे सरकारी निरीक्षकालाही अवघड जात नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, या बाबतीत एक दार उघडले आहे. एकट्या मालकाने पाळणाघर चालविण्याऐवजी सरकारचे, नगरपालिकेचे, खाजगी वा स्वयंसेवी संस्थेचे सामाईक पाळणाघर वापरता येईल. किंवा अनेक आस्थापनांना आपले पैसे एकत्र करून ते काढता येईल, असे तिच्यात स्पष्ट म्हटले आहे. औद्योगिक वसाहतीसाठी यापेक्षा सोयीचे कलम असू शकत नाही. रस्ता सामाईक, पाणी सामाईक, सांडपाण्याची प्रक्रिया सामाईक; तर पाळणा का नसावा?

महाराष्ट्राला आलेला एक कडू अनुभव

तरीही भागीदारी म्हटली की सावध राहावे लागते; कारण याच क्षेत्रात महाराष्ट्राने तिचा एक नमुना पाहिला आहे. अंगणवाडीच्या आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडून करून घेऊ नये, तो ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळे यांच्यामार्फत व्हावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. आदेशाचे शब्द पाळले गेले. ठेकेदार गेले आणि महिला मंडळे आली. परंतु न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ साली कळविले की, राज्यात मोठे पुरवठे मिळालेल्या महिला मंडळांच्या पाठीशी खाजगी कंपन्याच उभ्या होत्या. २०१६ मध्ये नव्या निविदा निघाल्या, त्यांच्या अटी अशा की गावच्या लहान बचत गटाला आत शिरताच येऊ नये. सुमारे ६३०० कोटी रुपयांची ही कंत्राटे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केली. ज्या आहारासाठी हे सारे चालले होते, त्याचा दर केंद्राने २०१७ साली मुलामागे दिवसाला ८ रुपये ठरविला होता. आठ रुपयांच्या खाऊतही नफा काढता येतो. मुले पुरेशी असली म्हणजे झाले.

यातून 'खाजगी ते सारे वाईट' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तो चुकीचाही आहे. धडा निराळा आहे. सिमेंटची पोती कमी भरली तर इंजिनिअरला कळते. अनुदानित शाळेत शिकवीत नसतील तर दहावीच्या निकालात दिसते. दोन वर्षांचे मूल मात्र साक्ष देत नाही. त्याला दिवसभर कोणी उचलून घेतले की नाही, ते ओले राहिले की कोरडे, त्याच्याशी कोणी बोलले की नाही, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. ज्या सेवेचा दर्जा गिऱ्हाईक सांगू शकत नाही, तेथे कंत्राटदाराला बचत करण्याची पहिली जागा दर्जातच सापडते. ऑस्ट्रेलियात सरकारी अनुदानाच्या बळावर वाढलेली आणि शेअर बाजारात नोंदलेली 'एबीसी लर्निंग' ही कंपनी हजारावर बालसंगोपन केंद्रे चालवीत होती. २००८ च्या नोव्हेंबरात ती कोसळली आणि हजारो घरांतील आईबापांपुढे उद्या मूल कोठे ठेवावयाचे हा प्रश्न उभा राहिला. केंद्रे उघडी ठेवण्यासाठी अखेर सरकारलाच पैसा ओतावा लागला. नफा भागधारकांचा आणि तोटा करदात्यांचा, ही भागीदारी त्या श्रीमंत देशालाही पचली नाही.

वऱ्हाडातील शिक्षकाला भागीदारीचा आणखी एक नमुना आपल्या पगारपत्रकावरून ठाऊक आहे. शिक्षणसंस्थेने शाळा काढावी, चालवावी आणि शिक्षकाचा पगार सरकारने द्यावा. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली उभी केलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था असो की गावोगावच्या लहान संस्था असोत, शेतकऱ्याचे पोर मॅट्रिक झाले ते या भागीदारीच्या जोरावर. तिच्यातील दोषही सर्वांना माहीत आहेत. ज्या देणगीविषयी बोलावयाचे नसते, ती द्यावी लागल्याचे दुःख अनेक घरांत आहे. परंतु एवढे खरे की, पगार सरकारी असल्यामुळे शिक्षक टिकला आणि शिक्षक टिकल्यामुळे शाळा टिकली. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' हे धोरण आले तेव्हा काय झाले, तेही याच शिक्षकांनी भोगले. 'कायम' हा शब्द काढण्यास २००९ उजाडले.

बालवाडीला तर अनुदानाचे भाग्य कधी लाभलेच नाही. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो; तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल, एवढेच त्यात म्हटले आहे. या मोकळ्या जागेत दोन खोल्यांची 'कॉन्व्हेंट' उगवली. वऱ्हाडात कोणत्याही केजीला कॉन्व्हेंटच म्हणतात. तिचा कोणत्याही जोगिणीशी संबंध असण्याची गरज नाही. शिवणयंत्रावरची आई पगारातून पैसे बाजूला काढून तेथे फी भरते, आणि ती कॉन्व्हेंटही दुपारी बारालाच सुटते.

भिंती रंगविणे सोपे असते

उद्योगांचा समाजकार्य निधी अंगणवाड्यांकडे वळू लागला आहे. एका मोठ्या खाणउद्योगाने २०१५ साली केंद्राशी करार करून ४००० अंगणवाड्या नव्याने बांधण्याचे ठरविले. महाराष्ट्रात २०२२ मध्ये अंगणवाडी दत्तक देण्याचे धोरण आले. गळके छप्पर दुरुस्त होते, नळ बसतो, भिंतींवर हत्ती आणि मुळाक्षरे येतात. हे निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु देणगीदार भिंतीवर खर्च करतो आणि सेविकेवर करीत नाही, याचे कारण भिंतीवर नाव लिहिता येते. शिवाय भिंत एकदा रंगविली की संपले. सेविकेचे मानधन दर महिन्याला येते. 'दत्तक' या शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत जन्माची जबाबदारी असा आहे. येथे तो करार संपेपर्यंत असा होतो.

सेविकेची स्थिती काय आहे? केंद्राने २०१८ साली तिच्या मानधनासाठी ४५०० रुपयांचा आकडा ठरविला आणि मदतनिसासाठी २२५० रुपयांचा. राज्य आपली भर घालते. ती कर्मचारी नाही, 'मानसेवी' आहे, असे वर्षानुवर्षे सांगण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा कोठे ती काम करते हे कायद्याला दिसले. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका ५२ दिवस संपावर होत्या. त्या ५२ दिवसांत अंगणवाडीच्या रंगविलेल्या भिंती जागच्या जागीच होत्या.

म्हणून भागीदारी करावयाची तर ती वेळेची आणि माणसांची व्हावी. हे अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता, खडी-सिमेंटच्या धुळीत पडलेली मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर मांडले. त्यातून निघालेले फिरत्या पाळणाघरांचे काम पुढे मुंबईत आणि पुण्यातही रुजले. तेथील पद्धत अशी की, बांधकाम करणाऱ्याने जागा, पाणी, वीज व खर्चाचा वाटा द्यावयाचा आणि मुले सांभाळण्याचे काम त्यातील जाणत्या संस्थेने करावयाचे. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबूड करावयाची नाही. पुढे १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसला. त्यात कामगारांत बायका किती, हे पाहण्याचे कारण उरले नाही. उपकराचा पैसा मंडळांच्या तिजोऱ्यांत साठून राहिला आणि ती तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हाही त्या कथेचा भाग आहे. पण तो वसुलीच्या पद्धतीचा दोष नव्हे, वाटपाचा आहे.

नांदगाव पेठला काय करता येईल

कारखान्याच्या फाटकाच्या आत प्रत्येक मालकाने आपापले पाळणाघर काढावे, हा मार्ग वरवर सोपा दिसतो. पण त्यात मुलाची जागा आईच्या हजेरीपत्रकाला बांधली जाते. आईचे काम सुटले की मुलाचा पाळणाही सुटला. शिवाय एकाच गावात कारखान्यातील बाईचे मूल सांभाळले जाईल आणि शेजारच्या निंदणाला जाणाऱ्या बाईचे मूल उन्हात राहील. गावाला अशा दोन जातींची मुले नकोत. तान्ह्या मुलाला अंगावर पाजावे लागते, तेव्हा वर्षाच्या आतील मुलांसाठी वसाहतीतच सामाईक पाळणाघर लागेल. त्याहून मोठ्या मुलाला मात्र गर्दीच्या बसमधून रोज नेण्या-आणण्यापेक्षा त्याच्या गावच्या अंगणवाडीतच, आई परतेपर्यंत, ठेवणे शहाणपणाचे.

खर्चाचा अंदाज करून पाहण्यास हरकत नाही. पंचवीस मुलांच्या केंद्राला दोन सेविका दरमहा १५,००० रुपयांप्रमाणे, एक मदतनीस १०,००० रुपयांवर आणि आहार, वीज, भाडे मिळून २०,००० असे धरले, तर महिन्याला ६०,००० रुपये होतात. अशी चार केंद्रे म्हणजे २,४०,००० रुपये. वसाहतीत, समजा, ६००० कामगार असतील तर दर कामगारामागे महिन्याला ४० रुपये पडतात. कामाच्या दिवसाला सुमारे दीड रुपया. फाटकाबाहेरच्या टपरीवर या पैशात अर्धा कप चहाही येत नाही. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ते दुप्पट झाले तरी चहाचा कप पुरा होणार नाही, इतकेच. महत्त्वाचे आहे ते हे की वर्गणी दर कामगारामागे घ्यावी; तो पुरुष असो वा स्त्री, कायम असो वा कंत्राटी. म्हणजे एकतिसाव्या बाईला कामावर घेतल्याने मालकाचा खर्च एक पैशानेही वाढणार नाही, आणि मूल बापाचेही असते हे हिशेबात प्रथमच नोंदले जाईल.

हा पैसा जमा कोठे व्हावा, हा नाजूक प्रश्न आहे. सरकारी तिजोरीत गेला तर तो बाहेर येण्यास उशीर. उद्योजकांच्या संघटनेकडे राहिला तर मंदीच्या पहिल्या झुळकीबरोबर थांबण्याची भीती. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग, वसाहतीचे उद्योजक, ग्रामपंचायती आणि आया यांची मिळून स्वतंत्र निधी समिती असावी. तीत आयांची संख्या निम्म्याहून कमी नसावी. त्यांना हिशेब कळणार नाहीत, असा आक्षेप येईल. बचत गटाची वही वर्षानुवर्षे चालविणाऱ्या बायकांविषयी तो घेणे धाडसाचे आहे. अंगणवाडीच्या दुपारपर्यंतच्या सेविकेचे मानधन आणि आहार सरकारचाच राहावा. ती जबाबदारी 'भागीदार आला' म्हणून सोडून देण्याची मुभा सरकारला नसावी. दुपारनंतरच्या तासांसाठी निधीतून दुसरी सेविका नेमावी, तिचे वेतन किमान वेतनाच्या खाली नसावे. आणि वर्गणी बंद पडली तरी सहा महिने केंद्र चालेल एवढी अनामत प्रथमच घेऊन ठेवावी. ऑस्ट्रेलियाच्या आईबापांना एवढीच तरतूद हवी होती. केंद्र चालविण्यासाठी संस्था बाहेरून आणावी लागेल असे नाही. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन ज्या जिल्ह्यात १९४६ पासून उभे आहे, तेथे दुसऱ्यांची माणसे सांभाळणाऱ्या संस्थांची परंपरा नव्याने सुरू करावयाची नाही.

राहिली जागा. वस्त्रोद्योग उद्यानांच्या योजनेत कामगारांच्या निवासाचा, गोदामांचा, प्रशिक्षणाचा आणि वैद्यकीय सोयींचा विचार आहे, आणि उद्यानाची उभारणीही सरकारी–खाजगी भागीदारीनेच व्हावयाची आहे. पाळणाघरासाठी अर्ध्या एकराचा भूखंड, सावलीच्या बाजूला, बॉयलरपासून आणि मालमोटारींच्या रस्त्यापासून दूर, नकाशावर आताच आखला पाहिजे. भूखंडांचे वाटप पुरे झाल्यावर मागितला तर नाल्याकाठचा कोपरा मिळेल.